कुवेत ते चिपळूण, १९९०: विमानाआधीचे चौदा दिवस

अबोली

१९९० साली इराकच्या सैन्याने कुवेत घेतल्यावर तिथल्या भारतीयांना विमानाने आणलं हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. जॉर्डनमधल्या अम्मान ते मुंबई ४८८ उड्डाणं, लाखाहून जास्त माणसं. ऑगस्ट उजाडला की हे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात आणि मला कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही पण त्यातच आलात ना?" हो, त्यातच आलो. पण विमानात आम्ही जेमतेम सहा तास होतो. त्याआधी चौदा दिवस रस्त्यावर होतो, त्याबद्दल कुणी विचारत नाही. बाबा आता नाहीत. त्यांची वही माझ्याकडे आहे. आई पंचाहत्तरीची आहे आणि तिला सगळं लख्ख आठवतं. तिच्याकडून विचारून घेऊन लिहितेय. त्या रस्त्याने आलेलं आणखी कुणी इथे असेल तर तुम्हीही लिहा, कितीही तुटक आठवत असलं तरी.

आम्ही कुवेतच्या साल्मिया भागात राहायचो. बाबा एका कंत्राटदाराकडे एसी मेकॅनिक होते. मी अकरा वर्षांची, धाकटा चारचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपली बरीच बिऱ्हाडं गावी जायची, पण त्या वर्षी आमच्या तिकिटांचे पैसे चिपळूणच्या घराच्या जोत्यात गेले होते. म्हणून आम्ही तिथेच राहिलो. २ ऑगस्ट, गुरुवार. पहाटे लांबून धडधड ऐकू आली. आईला वाटलं खिडकीतला एसी गेला. तिने बाबांना हलवलं. बाबा क्षणभर ऐकत राहिले आणि म्हणाले, "हा कॉम्प्रेसरचा आवाज नाही."

पुढचा महिना थोडक्यात सांगते. फोन बंद, बँका बंद. जमियात, म्हणजे सहकारी दुकानात, रांगा, कोपऱ्यावरच्या बाकाल्यात (किराणा दुकानात) दूध पावडर संपलेली, खुबूस म्हणजे तिथल्या रोटीसाठी पहाटे तीनला नंबर लावायचा. बाबांचा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या कुवेती मालकाकडे, आणि कफील सुट्टीसाठी देशाबाहेर. दूतावासाकडून पासपोर्टच्या जागी प्रवासाचा कागद मिळायला बाबांनी कितीतरी फेऱ्या मारल्या. गणपती आम्ही तिथेच केले. आईने कणकेचा गणपती केला आणि दुसऱ्या दिवशी त्याच कणकेच्या पोळ्या केल्या. ही गोष्ट ती अजून कुणाला सांगत नाही, पण इथे लिही म्हणाली.

२८ ऑगस्टला इराकने कुवेत हा आपला एकोणिसावा प्रांत असल्याचं जाहीर केलं. त्या रात्री बाबांनी वहीत एकच ओळ लिहिली आहे: "आता थांबण्यात अर्थ नाही." बसचं माणशी भाडं रोज चढत होतं. फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीन विकून चौघांचं भाडं जमलं.

सामान माणशी एक पिशवी. आईने मंगळसूत्र आणि चार बांगड्या परकराच्या नेफ्यात शिवल्या आणि वरून गळ्यात काळा दोरा बांधला. आमच्या समोरच्या दारात एक पॅलेस्टिनी कुटुंब होतं. त्या बाईंना आम्ही खाला म्हणायचो. निघायच्या दिवशी, ३० ऑगस्टला, त्या पाण्याने भरलेला निळा कॅन घेऊन आल्या, वीस लिटरचा. बाबा म्हणाले एवढं ओझं कसं न्यायचं. खालाने कॅन सरळ जिन्यातून खाली नेऊन बसमध्ये आमच्या पायाशी ठेवला. मोडक्या हिंदीत आईला म्हणाल्या, "बच्चा. पानी. बस." त्यांच्याही घरात तीन मुलं होती. नळाला पाणी कधी यायचं, कधी नाही.

आमचा रस्ता असा होता: कुवेत, जहरा, अब्दली, सफवान, बसरा, बगदाद, रमादी, रुतबा, मग इराकची शेवटची चौकी त्रेबिल. त्यापुढे दोन्ही देशांच्या चौक्यांमधला वाळवंटाचा पट्टा, त्यानंतर जॉर्डनचं रुवैशिद आणि शेवटी अम्मान. सगळं मिळून दीड हजार किलोमीटरहून जास्त. बसला एसी नव्हता. बाहेर पंचेचाळीसच्या वर, आणि खिडकी उघडली की भट्टीचं दार उघडल्यासारखं व्हायचं, म्हणून सगळ्यांनी काचा बंद करून त्यांना ओल्या ओढण्या लावल्या होत्या. त्या अर्ध्या तासात वाळून खडखडीत व्हायच्या.

आईने पहिल्या दिवशीच पाण्याचा हिशेब घातला. कॅनचं टोपण हे माप. तासाला एक टोपण मला, एक धाकट्याला, बाबांना एक, आणि आई सगळ्यांत शेवटी, तेही अर्धं. टोपणाच्या आत आटे होते, त्या आट्यांमध्ये चार थेंब राहायचे. ते धाकटा जिभेने चाटून घ्यायचा. मला त्या टोपणाचा वास अजून येतो, तापलेल्या प्लास्टिकचा.

बगदादला रात्र बस अड्ड्यावरच्या फरशीवर काढली. तिथे एक म्हातारी इराकी बाई मुलांना खजूर वाटत फिरत होती. तिने आईला पदराआडून एक फोटो दाखवला, गणवेशातला मुलगा. इराणच्या लढाईत गेलेला. ती लढाई संपून दोनच वर्षं झाली होती. ज्या देशाच्या सैन्यामुळे आम्ही घर सोडलं होतं, त्याच देशातली ती बाई. आईला अरबी चार शब्द यायचे. त्यातला एकही तिथे उपयोगाचा नव्हता, म्हणून तिने नुसता त्या बाईचा हात धरला.

२ सप्टेंबरला त्रेबिल ओलांडलं आणि पुढे सगळं थांबलं. चौक्यांमधल्या त्या पट्ट्यात माणसंच माणसं. बांगलादेशी, श्रीलंकेचे, फिलिपिनो, इजिप्तचे, आपले. आम्ही तिथल्या छावणीत नऊ दिवस होतो. दिवसा वाळूचा वारा, रात्री अशी थंडी की एका चादरीत चौघं. तंबूत विंचू निघायचे, म्हणून झोपताना चपला पोटाशी घ्यायच्या आणि सकाळी झटकून घालायच्या. रेड क्रेसेंटचा पाण्याचा टँकर आला की धावपळ व्हायची. दुसऱ्या दिवशी तर चेंगराचेंगरी झाली आणि एका बांगलादेशी पोराचा हात मोडला.

तिसऱ्या दिवसापासून घडी बसली, आणि ती आमच्यातल्या लोकांनीच बसवली. एक मल्याळी शिक्षक होते. त्यांनी शाळेच्या वहीत भारतीयांची यादी केली: नाव, किती माणसं, कुणी आजारी, कुणी गरोदर. पुठ्ठ्याचा भोंगा करून सकाळ-संध्याकाळ ती वाचायचे. पाण्याला कोण जाणार, कुणाच्या मुलाला ताप, अम्मानच्या बसमध्ये पुढे कुणाला बसवायचं, सगळं त्या यादीवरून. धाकट्याला ताप आला तेव्हा आमचं नाव वर गेलं आणि त्यामुळे एक गुजराती कुटुंब खाली सरकलं. त्या घरातली आजी आईला म्हणाली होती, "जा बेटा, आम्ही उद्या." त्यांचा उद्या कधी आला ते आम्हाला कळलं नाही.

११ सप्टेंबरला बस मिळाली, १३ला अम्मानहून विमान. विमानात हवाईसुंदरीने धाकट्याला पेलाभर पाणी दिलं. त्याने ते धरलंच नाही. आईकडे बघून विचारलं, "टोपण कुठाय?" पुढच्या रांगेतला माणूस, तोवर तोंडातून शब्द न काढलेला, हमसून रडायला लागला.

पारवा

अबोली, टोपणापाशी थांबले आणि मग पुढे वाचता येईना. धाकटे बंधू आता कसे आहेत? वहीतल्या नोंदी जशाच्या तशा इथे द्याल का?

खडीसाखर

मी या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला होते. आम्ही दोघी बहिणी आणि आई सुट्टीला साताऱ्याला, बाबा एकटे कुवेतमध्ये फाहाहीलला. २ ऑगस्टनंतर ४१ दिवस काहीही कळलं नाही. आजोबा रोज रात्री रेडिओ कानाला लावून बसायचे, मराठी बातम्या झाल्या की हिंदी, हिंदी झाल्या की बीबीसी. एक दिवस मुंबईहून पोस्टकार्ड आलं, अनोळखी अक्षरात. "तुमचे यजमान मला बसऱ्यात भेटले. सुखरूप आहेत. मी पुढे आलो, ते मागून येत आहेत." खाली सही होती ती लागली नाही, आणि पत्ता नव्हताच. नंतर बाबा आले तेव्हा कळलं, ज्याला आधी जागा मिळेल त्याच्या खिशात बाकीचे घरच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या कोंबायचे. तो मुंबईत उतरला की पदरच्या पैशाने पोस्टकार्डं टाकायचा. बाबांनी स्वतः येताना एकोणीस चिठ्ठ्या आणल्या होत्या. आधी पोस्टात गेले, मग घरी आले. तेव्हा आईला राग आला होता. आता ती तेच कौतुकाने सांगते.

ते कार्ड अजून देवघरात आहे. अक्षर ओळखणारं कुणी भेटेल म्हणून ठेवलंय.

निरंजन_७

माझा जन्म ९५चा, म्हणून साधा प्रश्न विचारतो. विमानं थेट कुवेतला का गेली नाहीत? दीड हजार किलोमीटर लोकांना वाळवंटातून का जावं लागलं?

अबोली

निरंजन, आम्हीही बाबांना हेच विचारायचो. कुवेतचा विमानतळ इराकी सैन्याने पहिल्याच दिवशी घेतला, नेहमीची वाहतूक बंदच पडली. ६ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांनी इराकवर निर्बंध लादले. दक्षिणेला सौदीची सरहद्द, तिथे फौजा गोळा होत होत्या. जॉर्डनने सरहद्द उघडी ठेवली होती आणि अम्मानचा विमानतळ चालू होता, म्हणून सगळा लोंढा तिकडे. जॉर्डन काही श्रीमंत देश नव्हे. लाखो माणसं एकदम दारात आल्यावर त्यांनाही अम्मानला किती बस सोडायच्या ते विमानांच्या हिशेबाने ठरवावं लागायचं. आमचे नऊ दिवस त्या हिशेबात गेले.

जुनाजाणता

लेख मनापासून आवडला. पण ताई, "आमच्यातल्या लोकांनीच" यावर थोडं बोलतो. परराष्ट्रमंत्री गुजराल ऑगस्टमध्येच बगदादला जाऊन सद्दाम हुसेनना भेटले. त्या आलिंगनाच्या फोटोवरून त्यांच्यावर केवढी टीका झाली. पण त्या भेटीशिवाय आपल्या माणसांना इराकमधून जाऊ दिलं असतं का? त्या सुमारास कितीतरी पाश्चात्त्य नागरिकांना इराकने अडकवून ठेवलं होतं. छावणी आतून चालली ती तुमच्या शिक्षकांमुळे, मान्य. रस्ता उघडा होता तो दिल्लीमुळे. माझे काका तेव्हा विमानाच्या देखभालीत होते. नेहमीची उड्डाणं सांभाळून ही जादा उड्डाणं जवळजवळ दोन महिने चालली. हँगरमध्ये ते लोक दोन-दोन दिवस घरी जात नव्हते.

अबोली

जुनाजाणता काका, तुमचं बरोबर आहे आणि तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. श्रेय काढून घ्यायचं माझ्या मनात नाही. माझं म्हणणं इतकंच की विमानापर्यंत पोचणं हा प्रवासाचा मोठा आणि अवघड भाग होता, आणि तो ज्यांनी निभावून नेला त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत. त्या शिक्षकांचं नावसुद्धा बाबांच्या वहीत नाही. "मास्तर" एवढंच आहे.

सहारचा_पोऱ्या

मी कॉलेजात होतो. आमच्या वस्तीतली पोरं मुंबईच्या सहार विमानतळावर मदतीला जायची. चहा, पाव, केळी, आणि गावाकडे कुठली गाडी केव्हा सुटते ते सांगायचं. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहात सामान उचलायला पुढे झालो तर उचलायला सामानच नव्हतं. माणसं पिशव्या कवटाळून यायची. एकाच्या काखेत शिलाई मशीनचं नुसतं डोकं होतं. तो शिंपी होता, आणि छावणीत ते डोकं उशाला घेऊन झोपलो म्हणाला.

एक सांगायचं राहून गेलंय इतकी वर्षं. लोक बाहेर आले की पहिली गोष्ट नळ शोधायचे. तहान म्हणून नाही. नळ सोडायचे आणि पाणी वाहताना बघत उभे राहायचे. आमच्यातला एकजण "काका, पाणी वाया जातंय" म्हणाला तेव्हा एका वयस्कर माणसाने नळ लगेच बंद केला आणि माफी मागितली. तो बोललेला मीच होतो. अबोलीताई, तुमचं टोपण वाचलं आणि तो माणूस आठवला.

दस्तऐवज

ज्यांच्या घरी अजून जुने कागद आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. एप्रिल १९९१मध्ये सुरक्षा परिषदेने ६८७ क्रमांकाचा ठराव केला आणि त्यातून नुकसानभरपाईचा आयोग उभा राहिला. पैसा इराकच्या तेलविक्रीतून यायचा. "अ" वर्गात फक्त देश सोडावा लागला एवढ्यावर ठरावीक रक्कम होती: एकट्याला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००. पुढे दुसरा दावा करणार नाही असं लिहून दिलं तर ४,००० आणि ८,०००. अर्ज आपापल्या सरकारमार्फत. घरसामान, नोकरी, बचत यांचा दावा करायचा तर पुरावे लागायचे, आणि वाळवंटातून आलेल्याकडे फ्रिजची पावती कुठून असणार? त्यामुळे आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी ठरावीक रकमेवर समाधान मानलं. इराकचा शेवटचा हप्ता २०२२ साली फिटला, एकूण ५२.४ अब्ज डॉलर. त्या लढाईनंतर जन्मलेल्या इराकी मुलांनीही ते फेडलं, हेही माझ्या मनात येतं.

आणि हो, कुणाकडे तेव्हाच्या कुवेती दिनारच्या नोटा असतील तर त्या आता आठवण म्हणूनच ठेवा. इराकच्या ताब्यातून मुक्ती झाल्यावर मार्च १९९१मध्ये कुवेतने नव्या नोटा काढल्या आणि जुन्या रद्द केल्या.

अबोली

सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. खडीसाखर, तुमच्या बाबांच्या एकोणीस चिठ्ठ्यांवर ती बराच वेळ गप्प होती. सहारचा_पोऱ्या, ती म्हणाली की त्या पोराला सांग, आम्हाला तिथे कुणीतरी केळं दिलं होतं, ते त्यानेच दिलं असेल असं मी धरून चालते.

पारवा, धाकटा ठीक आहे, पुण्यात असतो. त्याला स्वतःला काही आठवत नाही. पण बाटलीतलं पाणी संपत आलं की तो अस्वस्थ होतो, आणि का ते त्याच्या बायकोला लग्नानंतर आईकडून कळलं. वहीतल्या छावणीच्या नोंदी देतेय, जशाच्या तशा:

"४ सप्टें. पाणी ३ वाजता. रांग २ तास. कॅन अर्धा."
"५ सप्टें. मास्तरांनी यादी वाचली. आपण ३१२."
"७ सप्टें. छोट्याला ताप. डॉक्टर गोरा, भाषा कळली नाही, गोळी दिली."
"८ सप्टें. ताप उतरला. ही हसली."
"९ सप्टें. वारा. काही नाही."
"१० सप्टें. उद्या."

मुंबईहून पुढचंही लिहायचं राहिलं होतं. १४ तारखेला सकाळच्या एसटीने निघालो. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. महाडच्या पुढे कशेडी चढायला लागलो आणि दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरं दिसायला लागली. बाबा खिडकीशी होते. परशुराम घाट उतरताना खाली वाशिष्ठी दिसली, गढूळ आणि दुथडी भरलेली. बाबांनी पायाशी ठेवलेला रिकामा कॅन उचलून मांडीवर घेतला आणि स्टँड येईपर्यंत तसाच धरून बसले. घराचं जोतं तेवढं झालेलं होतं. पहिला पावसाळा आम्ही काकांच्या पडवीत काढला.

बाबा ९२ साली पुन्हा कुवेतला गेले, एकटे. साल्मियाच्या घराची किल्ली त्यांच्याकडे होती, पण दाराला कुलूप दुसरं होतं. समोरच्या दारात खाला नव्हत्या. मुक्तीनंतर कुवेतमधल्या बहुतेक पॅलेस्टिनींना तिथे राहता आलं नाही, तशाच त्याही गेल्या. काहीजण म्हणाले अम्मानला. म्हणजे बहुधा आमच्याच रस्त्याने. बाबांनी दोनदा सुट्टीत अम्मानला उतरून चौकशी केली, पण पूर्ण नावच ठाऊक नव्हतं. खाला म्हणून कुणाला शोधणार?

कॅन अजून आहे. न्हाणीघराच्या मागे असतो. बरीच वर्षं त्यात रॉकेल होतं, आता रिकामा आहे. टोपण नाही, ते कधी हरवलं कुणालाच सांगता येत नाही.

आणि एक दुरुस्ती करायची आहे. वर मी लिहिलंय की आई सगळ्यांत शेवटी आणि अर्धंच टोपण घ्यायची. आम्ही लहानपणापासून तेच ऐकलं, बाबाही तेच सांगायचे. काल हा भाग वाचून दाखवला तर तिने मला थांबवलं. म्हणाली, "तसं नको ठेवूस. रमादीच्या पुढे तुम्ही तिघं झोपलात तेव्हा मी दोन टोपणं भरून प्यायले. पूर्ण. आणि तिसरंही प्यायले असते, पण बस खड्ड्यात आदळली आणि तुझे बाबा जागे झाले." मी म्हटलं, आई, त्याने काय होतंय. तर म्हणाली, "होतंय. लिही."